मुकादमच्या हाताखाली

११ फेब्रुवारी

काकू, नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. मी तुमच्या मुलीच्याच शाळेत नववीत आहे. आमच्या बाईंनी यंदा नववीच्या आणि दुसरीच्या मुलांच्या जोड्या लावल्या आहेत. आठवड्यातून दोनदा, पहिल्या तासाला, शाळेमागच्या माळावर जायचं आणि तिथे काय राहतं ते बघायचं. कोणी कोणाला शिकवायचं नाही, दोघांनी मिळून शिकायचं, असं बाईंचं म्हणणं. नियम दोन. लहानाने पाहायचं आणि मोठ्याने लिहायचं. आणि जे पाहिलं ते इथे नसलेल्या एका माणसाला पत्राने कळवायचं. जो इथे नाही त्याला सांगायचं असलं की नीट पाहावं लागतं, असं बाई म्हणतात.

बाकीच्यांनी आजोबा, मामा असे निवडले. तुमच्या मुलीने तुम्हाला निवडलं. म्हणून हे पत्र.

मला शास्त्रात गुण कमी पडतात. म्हणूनच ही जोडीदार मिळाली असावी. वर्गात तिला सगळे मुकादम म्हणतात. पहिल्या दिवशी तिने मला विचारलं, "तू एवढी उंच. तुला खालचं दिसतं का?" मी म्हटलं, दिसतं. "मग सांग, आत्ता कशावर उभी आहेस?" मी मुंग्यांच्या वाटेवर उभी होते.

तिने सांगितलेलं खाली लिहिते. शब्द तिचेच आहेत.

"माळावर गवत कमी आणि खडी जास्त. टिटवी उडताना ओरडते आणि बसल्यावरपण ओरडते. तिचे पाय पिवळे. डोळ्यापुढे लाल. ती चालते, थांबते, चालते, थांबते. वाकते तेव्हा सगळीच वाकते."

मी म्हटलं, आईला आणखी काही सांगायचं? ती म्हणाली, "पाहिलं तेवढं झालं."

तुमच्या मुलीच्या हाताखाली काम करणारी,
नववीतली मुलगी


२ मार्च

प्रिय ताई,

तू वयाने लहान आहेस, पण माझ्या मुलीची ताई झालीस म्हणून तुला ताईच म्हणते.

तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत वाचलं. मी इथे एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईघरात काम करते. आमच्याकडे बसायला खुर्च्या नाहीत, मळक्या कपड्यांच्या पिशव्यांवर बसतो. माझं काम चादरींचं. धुऊन आलेली चादर दोघींनी चार कोपऱ्यांनी धरायची, ताणायची आणि गरम रुळांखाली सोडायची. पलीकडे आणखी दोघी घडी घालतात. दिवसभर वाफ असते, त्यामुळे पुढे बांधलेला एप्रन कायम ओला. पत्राला डाग पडले असतील तर ते त्याचे.

मी निघाले तेव्हा ती पाच वर्षांची होती. दर रविवारी फोन करते. ती "हो" म्हणते, "नाही" म्हणते आणि फोन आजीच्या हातात देते. आजी म्हणते, रागावलीय, होईल ठीक. दोन वर्षं आजी हेच म्हणते आहे.

तुला एक विचारू का? ती डबा संपवते का? केस विंचरलेले असतात का? रात्रीचा खोकला गेला का? आणि माझ्याबद्दल कधी काही बोलते का? नसेल बोलत तर तसं लिही. मला वाईट वाटेल म्हणून गोड करून लिहू नकोस.

तिने मला निवडलं हे तू कळवलंस. त्या एका ओळीवर माझा पूर्ण महिना निघेल. तुझे उपकार मानते.

मुकादमची आई


१८ मार्च

काकू, नमस्कार.

तुमचं पत्र मी तिला वाचून दाखवलं. शेवटचे प्रश्न गाळले. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "तिने माळाबद्दल काहीच नाही विचारलं." मी म्हटलं, आईला तुझी काळजी वाटते. ती म्हणाली, "फोनवरपण तेच. जेवलीस का, झोपलीस का. मी काय आजारी आहे?" मग थोड्या वेळाने, "तिकडे काय राहतं ते विचार. तिला सांग, बाहेर जाऊन बघ. आणि नुसतं पक्षी असं लिहायचं नाही."

तुमच्या प्रश्नांची उत्तरं. डबा संपवते, माझ्यातलंही घेते. केस सकाळी विंचरलेले असतात, दहा वाजेपर्यंत टिकत नाहीत. खोकला मी ऐकला नाही. तुमच्याबद्दल बोलत नाही. पण पत्र घडी करून तिने दप्तरात ठेवलं. ते मागायचा धीर मला झाला नाही.

आता माळाची बातमी. टिटवीने अंडी घातली आहेत. घरटं असं काही नाहीच. खडीत थोडासा खळगा आणि त्यात चार अंडी, टोकं आतल्या बाजूला. रंग अगदी खडीचा. मी त्यांच्यावर पाय देणारच होते, मुकादमने माझा स्कर्ट धरून मला ओढलं.

कोणाचा पाय पडू नये म्हणून तिने एक युक्ती काढली. फुटक्या भिंतीजवळून पांढरे दगड आणायचे आणि अंड्यांभोवती रिंगण करायचं, म्हणजे लांबून कळतं. बाकीच्या जोड्यांना आणखी दोन खळगे सापडले होते. तिने त्यांनाही कामाला लावलं. पाचवीतला एक मुलगा मध्येच आला तर त्यालाही दगड वाहायला लावले. आता माळावर तीन पांढरी रिंगणं आहेत. बाई त्या दिवशी रजेवर होत्या, त्यांना सोमवारी दाखवणार.

ती सांगते: "ऊन वाढलं की टिटवी नळाखालच्या डबक्यात जाते. पोट ओलं करते आणि येऊन अंड्यांवर बसते. मग उठते, परत जाते."

तुमची,
नववीतली मुलगी


४ एप्रिल

प्रिय ताई,

मुकादमचा हुकूम पाळला. बाहेर गेले.

धुलाईघराच्या मागे एक उघडी गटार आहे, तिच्यातून गरम पाणी वाहतं. दोन वर्षं मी तिथे हात सुकवायला जाते आणि मला तिथे भिंत सोडून काही दिसलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. गटारीच्या काठावर चिमणीपेक्षा बारीक अंगाचा पक्षी, पाठ राखाडी, पोट पांढरं, गळ्याखाली काळा डाग. शेपटी सारखी वरखाली. चालताना उड्या मारत नाही, पावलं टाकतो. इतकं तरी बरोबर आहे का विचार.

आमच्याकडेही एक मुकादम आहे. थोराड बाई आहे, आवाज असा की रूळ बंद पडले तरी तिचा आवाज चालू. ती दारात येऊन म्हणाली, "काय हरवलं?" मी म्हटलं, पक्षी बघतेय. ती म्हणाली, "पगारी का बिनपगारी?" पण मग तीही उभी राहिली. म्हणाली, हा थंडीत येतो आणि ऊन तापलं की जातो, दर वर्षी.

आता कामाचं. माझा इथला करार मे महिन्यात संपतो. नवा करार दोन वर्षांचा आहे. तीस एप्रिलला सही करायची. सही केली की मध्ये आठ दिवसांची रजा मिळते. मी घरी येईन म्हणते. या रविवारी फोनवर तिला सांगणार आहे. आजपर्यंत हे कोणाला सांगितलं नाही. तुला आधी सांगावंसं वाटलं.

अंडी कशी आहेत? इथे माझ्यासोबत चादर धरणारीही रोज विचारते.

मुकादमची आई


१२ एप्रिल

काकू, नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे. परीक्षा जवळ आल्यामुळे माळावर जाणं कमी झालं आहे. अंड्यांबद्दल पुढच्या पत्रात लिहीन.

मुकादम सांगते: "त्या पक्ष्याचं नाव परीट. धुण्याच्या जागी राहतो, म्हणजे बरोबर जागी राहतो. शेपटी आधी वर जाते की आधी खाली, ते बघून कळवणे."

तुमची,
नववीतली मुलगी


१७ एप्रिल

प्रिय ताई,

रविवारी फोन केला. सांगितलं, मी येते आहे, आठ दिवसांसाठी. मला वाटलं होतं ती काहीतरी विचारेल. ती म्हणाली, "मग नको येऊस." आणि फोन खाली ठेवला. आजीच्या हातातही दिला नाही.

आजीचा नंतर फोन आला. म्हणाली, मनावर घेऊ नकोस, पोर आहे. आणि मग म्हणाली, खरं सांगू का, मागच्या वेळी तू चार दिवस येऊन गेलीस तर ती पंधरा दिवस तापली होती. आता ती रुळली आहे. शाळा आहे, माळ आहे, ती ताई आहे. कशाला ढवळतेस.

मी बराच विचार केला. माझी आई बरोबर बोलते आहे. मुलीला माझी गरज उरलेली नाही. ही वाईट गोष्ट नाही, मी त्यासाठीच तर आले होते, तिचं अडू नये म्हणून. मी तीस तारखेला सही करीन आणि रजा घेणार नाही. न घेतलेल्या रजेचा जादा पगार मिळतो.

तुझं मागचं पत्र चार ओळींचं होतं. काहीतरी झालं असावं. मला सांगायचं नसेल तर राहू दे. तू तिच्यासाठी जे केलंस ते माझ्या सख्ख्या बहिणीने केलं नसतं. जन्मभर लक्षात ठेवीन. हे पत्र तिला दाखवू नकोस.

शेपटी आधी खाली जाते.

मुकादमची आई


२२ एप्रिल

काकू, नमस्कार.

हे पत्र जलद टपालाने पाठवते आहे. तीस तारखेच्या आत तुम्हाला मिळायला हवं.

आधी मी जे लिहिलं नाही ते. अंडी गेली. तिन्ही खळग्यांतली, एकाच सकाळी. कावळ्यांनी नेली. बाई आल्या, त्यांनी रिंगणं पाहिली आणि डोक्याला हात लावला. खडीच्या रंगाची अंडी खडीत कोणालाच दिसत नाहीत, म्हणून तर ती तशी असतात. आम्ही त्यांच्याभोवती पांढरे दगड मांडून कावळ्याला पत्ता दिला. पहिलं रिंगण त्याला कळलं आणि मग बाकीची दोन शोधायची गरजच पडली नाही.

बाई कोणाला रागावल्या नाहीत. पण मुकादम त्यानंतर माळावर आली नाही. तासाला ती वर्गातच बसायची, फळ्याकडे बघत. तुम्ही इतक्या लांब, तुम्हाला हे कसं लिहू ते कळेना, म्हणून चार ओळी लिहिल्या.

तुमचं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, ती अंड्यांच्या दुःखात आहे आणि म्हणून फोनवर तसं बोलली. तिला समजवावं म्हणून मी मधल्या सुट्टीत तिच्या वर्गात गेले. ती डबा खात होती. मी तयारी करून गेले होते. म्हटलं, हे बघ, कुत्रं आलं की टिटवी काय करते? अंड्यांपासून लांब जाते आणि आरडाओरडा करते, म्हणजे कुत्रं तिच्या मागे जातं. ती सोडून जात नाही, अंड्यांसाठीच लांब जाते. तुझी आईही तशीच लांब गेली आहे.

तिने घास संपवला. म्हणाली, "कुत्रं गेलं की टिटवी परत येते. लगेच येते."

मग मी सरळ विचारलं, "आईला नको येऊस का म्हणालीस?"

"आठ दिवसांसाठी ना?"

"हो."

"आठ दिवसांत काय होतं?"

"भेट होते."

"आठ दिवसांत अंडंपण फुटत नाही. महिना लागतो, बाईंनी सांगितलंय. ती येणार, मी तिला सगळं दाखवणार, आणि पिल्लं निघायच्या आधी ती जाणार. मग परत पहिल्यापासून."

"पहिल्यापासून काय?"

तिने डब्याचं झाकण लावलं. "सवय," ती म्हणाली.

मी म्हटलं, मग आईला काय कळवू? ती म्हणाली, "यायचं तर पुरतं यायचं, म्हणावं. नाहीतर पत्र लिही, म्हणावं. पत्र चालतं."

हे सगळं पाहिलं आणि ऐकलं तेवढंच लिहिलं आहे. माझं मत घातलेलं नाही. आता घालते. काकू, ती तुमच्याशिवाय रुळलेली नाही. तुमची आधीची दोन्ही पत्रं तिच्या दप्तरात असतात, पुस्तकांच्या आधी ती पत्रं बाहेर निघतात आणि शेवटी आत जातात. आजी खोटं बोलत नाहीत, पण त्यांनी दप्तर पाहिलेलं नाही.

सही करायची की नाही ते तुमचं. मी पंधरा वर्षांची आहे, मला करार वगैरे कळत नाही. पण "नको येऊस" चा अर्थ तुम्ही जो घेतलात तो नव्हता, हे कळवणं माझं काम होतं.

तुमचं ते पत्र मी तिला दाखवलं नाही.

तुमची,
नववीतली मुलगी


३० एप्रिल

प्रिय ताई,

तुझं पत्र काल मिळालं.

आज सकाळी सगळ्या सहीसाठी रांगेत होत्या. मी माझ्या मुकादमबाईजवळ गेले आणि म्हटलं, माझा कागद बाजूला ठेवा. तिने विचारलं, "दुसरीकडे लागलीस का?" मी म्हटलं, नाही, घरी जाते. "मग आठ दिवस घे की." मी म्हटलं, मुलगी म्हणते आठ दिवस पुरत नाहीत. तिने चष्मा काढला. "केवढी आहे?" सात. "मग बरोबर आहे तिचं," ती म्हणाली. "मी माझ्या मुलाकडे दर वर्षी आठ दिवस गेले. आता तो मला पाहुणीचा टॉवेल देतो." मग कागद फाडून टोपलीत टाकला आणि ओरडली, "पुढची."

तू तुझं मत घातलंस, आता मी माझं सांगते. कुत्र्याबद्दल ती जे म्हणाली ते मी रात्रभर डोक्यातून काढू शकले नाही. मी ज्यासाठी आले होते ते पहिल्या दीड वर्षातच झालं होतं. घराचं छप्पर झालं, आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. त्यानंतर मी इथे का आहे, हे मी स्वतःला विचारलंच नाही. इथे सकाळी उठल्यावर काय करायचं ते ठरलेलं असतं. घरी काय करायचं, मुलीशी काय बोलायचं, ते मला माहीत नव्हतं. दर महिन्याला पैसे पाठवणं सोपं होतं.

जून लागता लागता पोहोचेन. तिकडे काम बघेन. नाही मिळालं तर पुढच्या खोलीत इस्त्रीचं टेबल टाकीन, चादरी मला कोणी शिकवायला नको.

अंडी गेली हे माझ्या जोडीदारणीला सांगता सांगता मी चादर वाकडी सोडली, सगळा रूळ थांबवावा लागला. पण तू कळवलंस ते फार बरं केलंस. मुकादमला सांग, आईनेसुद्धा चांगल्या मनाने पांढरे दगड मांडले आहेत पुष्कळ. नको, हे सांगू नकोस. मी आल्यावर बघेन.

ताई, तुझं ऋण कसं मानू? तू मला पाठीवर हात फिरवणारं पत्र लिहू शकली असतीस. नाही लिहिलंस.

मुकादमची आई


१७ मे

काकू, नमस्कार.

तिला सांगितलं, आई येते आहे. ती म्हणाली, "किती दिवस?" मी म्हटलं, पुरती. तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, मी थट्टा करते का ते बघायला. मग म्हणाली, "टोपी आणायला सांग. इथे ऊन आहे." आणि शाळेला सुट्टी लागलेली असूनही दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या आधी माळावर पोचली.

टिटव्यांनी पुन्हा अंडी घातली आहेत. एकदा गेली तर त्या दुसऱ्यांदा घालतात, हे बाईंनी सांगितलं. या वेळी कोणी जवळ जात नाही. आम्ही पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवरून बघतो. खूण करायची नाही, लक्षात ठेवायचं: विजेचा खांब आणि फुटक्या भिंतीचं डावं टोक एका रेषेत आले की तिथे खाली खळगा. ही युक्तीही मुकादमचीच. तिने सगळ्या जोड्यांना एकेक करून पायरीवर उभं केलं आणि विचारलं, दिसलं का. मला दिसायला सगळ्यात जास्त वेळ लागला. "उंच असून उपयोग नाही," ती म्हणाली.

ती सांगते: "आता दोघे पाळीने बसतात. कावळा आला तर टिटवी त्याच्या डोक्यावरून जाते. आम्ही ओरडत नाही. आम्ही ओरडलो तर कावळ्याला कळेल."

शास्त्रात मी पास झाले. चांगल्या गुणांनी नाही, पण माळावरच्या प्रश्नाला पैकीच्या पैकी मिळाले. दहावीसाठी मला दुसऱ्या गावी वसतिगृहात ठेवणार आहेत. तुम्ही याल तेव्हा मी नसेन. तुम्हाला मी एकदाही पाहिलेलं नाही, याचं मला आज सकाळी एकदम नवल वाटलं.

मला ही जोडी मिळाली नसती तर मी त्या माळावरून नुसती चालत गेले असते. तुमच्या मुलीचे आभार मी तिच्यासमोर मानले. ती म्हणाली, "ठीक आहे."

तुमची,
नववीतली मुलगी


१६ जून

प्रिय ताई,

तुझ्या वसतिगृहाचा पत्ता बाईंकडून घेतला. जेवण बरं आहे का? मुकादम म्हणते, हे विचारू नकोस, म्हणून उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

मी पोहोचले त्या दिवशी ती दारात होती. मी मिठी मारायला वाकले. तिने मारू दिली, पण हात खालीच होते. आजी आत चहा टाकत होती आणि तिथूनच म्हणाली, "बघ, आली एकदाची." जेवताना ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या बॅगेकडे बघत होती. मी बॅग रिकामी केली, कपडे कपाटात लावले आणि बॅग माळ्यावर टाकली. ती स्टुलावर चढून नीट आत सरकवून आली.

मला कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे काम मिळालं आहे. सकाळी शाळा सुटेपर्यंत ते, मग घर.

काल सुट्टी होती. ती मला टाकीच्या पायऱ्यांवर घेऊन गेली. मला तिसऱ्या पायरीवर बसवलं, टोपी सरळ केली आणि म्हणाली, "आता बोलायचं नाही." मला खांब दिसला, भिंत दिसली, रेष जुळली, आणि खाली फक्त खडी. तिने माझी हनुवटी धरून डोकं थोडं डावीकडे केलं. मग खडीतले दोन दगड चालायला लागले. आदल्याच दिवशी निघालेली पिल्लं असावीत. थांबली की पुन्हा दगड होत होती. टिटवी बाजूला उभी होती, काही करत नव्हती, नुसती उभी.

मुकादमने दोन सोडून आणखी दोन शोधली. मला दोनच दिसली. ती म्हणाली, "उद्या दिसतील." हे ती इतक्या सहज म्हणाली की मी तिच्याकडे पाहिलं नाही, पाहिलं असतं तर बोलले असते.

ऊन चढलं तसं तिचं डोकं माझ्या मांडीवर आलं आणि ती झोपली. खाली पिल्लं डबक्याकडे निघून गेली. माझा पाय मुंग्या येऊन बधिर झाला. मी तो हलवला नाही.

मुकादमची आई